मॉस बॉल आणि जिवाणी

काचेच्या पात्रात नितळ पाणी, तळाशी मूठभर पांढरी वाळू आणि तिच्यावर लिंबाएवढा, मखमली हिरवा गोळा. मासा नाही, हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्र नाही, खाद्याचा डबा नाही. अशी पात्रे आता शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत मिळतात आणि घरपोच माल पाठवणाऱ्या संकेतस्थळांवरूनही मागवता येतात. वाढदिवसाची किंवा गृहप्रवेशाची भेट म्हणून ती जैन घरांतही येतात, आणि येतात ती एका विशेष कारणाने. माशांचे मत्स्यालय अशा घरात सहसा मांडले जात नाही. जीव कोंडून ठेवायचा आणि त्याला वाळवलेले किडे नाहीतर झिंगे खाऊ घालायचे, हे श्रावकाच्या मनाला पटत नाही. हा हिरवा गोळा मात्र निरुपद्रवी वाटतो. मासा नाही म्हणजे हिंसा नाही, असा सोपा हिशेब मांडला जातो. व्यापारी घरात कोणताही हिशेब दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. हाही तपासण्याजोगा आहे.

पहिली चूक नावातच आहे. दुकानदार ज्याला ‘मॉस बॉल’ म्हणतात ते मॉस नव्हे, तर गोड्या पाण्यातील तंतुमय शैवाल होय. शास्त्रज्ञ त्याला एगाग्रोपिला लिनेई म्हणतात. जपानी भाषेत त्याचे नाव मारिमो. ‘मारी’ म्हणजे चेंडू आणि ‘मो’ म्हणजे पाण्यात वाढणारी वनस्पती. कावाकामी या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाने होक्काइदो बेटावरील आकान सरोवरात हे गोळे पाहिले आणि १८९८ साली हे नाव दिले. युरोपला त्यांची ओळख आधीच झालेली होती; १८२०च्या दशकात आंतोन साउटर यांना ते ऑस्ट्रियातील त्सेल सरोवरात आढळले होते. गंमत अशी की मराठीत याला कोणी ‘शेवाळाचा गोळा’ म्हटले, तर ते इंग्रजी नावापेक्षा अधिक अचूक ठरते.

हा गोळा म्हणजे एखादे फळ किंवा कंद नव्हे. त्याच्या मध्यभागी बी नाही, गाभा नाही, खोड नाही. बारीक, फांद्या फुटलेले असंख्य तंतू एकमेकांत गुंतून केंद्रापासून बाहेरच्या दिशेला वाढत जातात आणि त्यातून गोळा होतो. सरोवराच्या उथळ तळावर वाऱ्याने उठलेल्या लाटा त्याला हलकेच लोळवत राहतात, त्यामुळे प्रत्येक बाजूला आळीपाळीने प्रकाश मिळतो आणि आकार वाटोळा राहतो. लाटा थांबल्या तर तेच शैवाल दगडाला चिकटून किंवा गालिच्यासारखे पसरून वाढते. गोळ्याचे दोन भाग केले तर दोन्ही जगू शकतात. बाहेरचे तंतू तुटून गेले आणि आतले उघडे पडले, तर अंधारात निपचित राहिलेले त्यांचे हरितकण पुन्हा कामाला लागतात. म्हणजे हा एक देह म्हणावा की अनेकांचा मेळा, हेच ठरवणे कठीण. जुन्या भागीदारीच्या पेढीची आठवण व्हावी अशी ही रचना आहे: भागीदार येतात, निवृत्त होतात, नाव आणि गादी तीच राहते. वाढही पेढीसारखीच सावकाश होते. घरातील पात्रात व्यासात वर्षाला साधारण ५ मिलिमीटर भर पडते असे मानले जाते. त्या दराने ३ सेंटिमीटरचा गोळा ६ वर्षांचा ठरतो. आकान सरोवरात मात्र २० ते ३० सेंटिमीटर व्यासाचे गोळे आहेत.

काही वेळा हा गोळा तळ सोडून वर येतो आणि घरातील मुले टाळ्या पिटतात. त्यामागचे कारण ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रयोगाने स्पष्ट केले. प्रकाशात अन्न तयार करताना शैवाल प्राणवायू सोडते, त्याचे बुडबुडे तंतूंत अडकतात आणि गोळा हलका होऊन तरंगतो. अन्न तयार करण्याची क्रिया रसायनाने थांबवली तेव्हा गोळे तळाशीच राहिले. त्याहून विलक्षण गोष्ट दुसरी. मंद लाल प्रकाशात काही दिवस ठेवलेल्या गोळ्यांवर, त्यांच्या मूळ दिनक्रमाप्रमाणे जी पहाटेची वेळ असती त्या वेळी उजेड सोडला, तर ते लवकर वर आले; मध्यान्हीच्या वेळी सोडला तर उशिरा. या गोळ्याला दिवस कधी उगवतो हे आतून कळत असते. डोळा नाही, मेंदू नाही, तरी घड्याळ आहे.

जैन वाचकाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये. पृथ्वी, अप्, तेज, वायू आणि वनस्पती हे पाच स्थावर काय पाठशाळेत पाठ केलेले असतात. वनस्पतीचे प्रत्येक आणि साधारण असे दोन भेदही ठाऊक असतात. जेथे अनंत जीवांचे शरीर एकच असते ती साधारण वनस्पती. कांदा, बटाटा, आले हे त्यातले रोजच्या बोलण्यात येणारे पदार्थ, म्हणून अनंतकाय म्हटले की लोकांना ताट आठवते. शेवाळ आठवत नाही, कारण ते ताटात येत नाही. वास्तविक परंपरेने त्यालाही त्याच वर्गात बसवले आहे. प्रतिक्रमण करणारे श्वेतांबर श्रावक ईर्यापथिकी सूत्रात ज्या सूक्ष्म जीवांची क्षमा मागतात त्यांत ‘पणग’ आहे, आणि त्याचा अर्थ ओलाव्यावर येणारी बुरशी-शेवाळ असाच लावला जातो. येथे एक सावधगिरी हवी. आगमांनी सांगितलेले आता सूक्ष्मदर्शकाने सिद्ध केले, असे उत्साहाने लिहिणारे पुष्कळ असतात. साधारण शरीराची कल्पना आणि तंतूंच्या गुंत्याचे शास्त्रीय वर्णन या दोन वेगळ्या विद्यांतील गोष्टी आहेत. एकीचा दाखला दुसरीला जोडण्याची दोघींनाही गरज नाही. पण आचाराच्या दृष्टीने निष्कर्ष एकच निघतो. काचेच्या पात्रातील हा गोळा शोभेची वस्तू नसून जीव आहे.

वर्धमाननगरातील एका कुटुंबात हीच गोष्ट आजींनी अधिक थोडक्या शब्दांत सांगितली. नातवाला मित्राने गोळ्याचे पात्र भेट दिले होते. त्याने ते टेबलावर ठेवून आजींना आश्वासन दिले, “आजी, यात मासा नाही. नुसती वनस्पती आहे.”

आजी म्हणाल्या, “बाळा, वनस्पतीत जीव नसतो असं तुला पाठशाळेत कोणी शिकवलं? दर वर्षी रोहिणी लागण्याआधी तुझे आजोबा गच्चीवर चुना मारून घेतात, तो कशासाठी?”

नातू निरुत्तर झाला, आणि सून हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. प्रश्न खरोखर मार्मिक होता. पावसाळ्यात गच्चीवर, अंगणात, न्हाणीघराच्या पायरीवर शेवाळ धरू नये म्हणून पाऊस पडण्यापूर्वीच डागडुजी करायची, ही श्रावकाची जुनी यत्ना आहे. एकदा शेवाळ धरले की त्यावर पाय देता येत नाही आणि ते खरवडूनही काढता येत नाही. म्हणून जे करायचे ते आधी. ज्या घरात इतकी काळजी घेतली जाते, त्या घराने पैसे मोजून शेवाळ विकत आणावे आणि ते बशीत मांडावे, यात विसंगती आहे. भेट म्हणून आलेल्या गोळ्याबाबत मात्र आजींचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता: “आता आला आहे तर वैशाखात याला कुठे ठेवाल?”

नागपुरात राहणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. हे शैवाल थंड प्रदेशातले आहे. त्याची नैसर्गिक घरे जपान, आइसलँड, उत्तर व मध्य युरोप, रशिया येथील सरोवरांत आहेत. आकान सरोवर हिवाळ्यात गोठते आणि बर्फाच्या थराखाली हे गोळे महिनोन् महिने राहतात. घरातील पात्रात पाणी २५ अंशांच्या खाली असावे असे सांगतात. थोडे वर गेले तर काही दिवस निभावते. सतत ३०च्या पुढे राहिले की हिरवा रंग तपकिरी होऊ लागतो, मग राखाडी, आणि शेवटी गोळा आतून कुजतो व पाण्याला वास येतो. आता नागपूरचा एप्रिल आणि मे डोळ्यांपुढे आणावा. दुपारचा पारा ४० अंशांच्या वर, अनेकदा ४५पर्यंत. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असलेली खोली माणसाला सुखाची वाटते, पण तेथील पाणीही या गोळ्याच्या मानाने कोमटच असते. शिवाय दुकान बंद करून सगळे घर लग्नासाठी चार दिवस बाहेरगावी गेले, म्हणजे कूलरही बंद. पुडक्यावर छापलेले असते, ‘देखभालीची आवश्यकता नाही’. ज्या प्रदेशात ते छापले गेले तेथे ते खरे असेल. जाहिरातीतील एकच वाक्य एका अक्षांशावर खरे आणि दुसऱ्यावर खोटे असू शकते, हे माल परगावाहून मागवणाऱ्या व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

गोळ्याच्या मूळ प्रदेशातही त्याची स्थिती निर्धास्त नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मारिमोची कीर्ती पसरली आणि आकानला येणारे प्रवासी ते आठवण म्हणून उचलून नेऊ लागले. जपान सरकारने १९२१ साली त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. तरी विक्री थांबली नाही. वीजनिर्मितीसाठी सरोवराचे पाणी ओढले गेले, पातळी उतरली आणि किनाऱ्याजवळचे गोळे उघडे पडून मेले. शेवटी स्थानिकांनीच मोहीम हाती घेतली: नेलेले मारिमो परत करा. अनेकांनी ते परत आणले व पाठवले. १९५० साली तेथे मारिमो उत्सव सुरू झाला. होक्काइदोच्या मूळ रहिवासी ऐनू समाजातील वडीलधारी व्यक्ती या उत्सवात गोळा आदराने हाती घेते, आणि विधी झाल्यावर तो सरोवरात परत सोडला जातो. ऑक्टोबरमधील हा उत्सव आजही होतो. १९५२ साली मारिमोला विशेष नैसर्गिक स्मारक ठरवण्यात आले. आकानच्या दुकानांत आज जे छोटे गोळे मिळतात ते या सरोवरातले नसतात. दुसऱ्या पाण्यातील तंतू गोळा करून, लाडू वळावेत तसे हाताने वळून ते तयार केलेले असतात.

आइसलँडची कथा मात्र दुःखान्त आहे. तेथील मिवात्न सरोवरात हे गोळे दाट थरांनी पसरलेले होते. कोळ्यांच्या जाळ्यांत ते अडकत, म्हणून तेथल्या लोकांनी त्यांना ठेवलेले नाव सभ्य मराठीत सांगायचे तर ‘वाटोळी घाण’ असे होते. २००६ साली त्यांना संरक्षण मिळाले. पण तोवर उशीर झाला होता. पाण्यात पोषकद्रव्ये वाढली, वरच्या थरात सूक्ष्म जीवांची इतकी दाटी झाली की तळापर्यंत प्रकाश पोहोचेना, आणि २०१४च्या सुमारास गोळे तेथून जवळजवळ नाहीसे झाले. नेदरलँड्समध्येही हीच गत झाली. कोणी गोळे मारले नाहीत. पाणी बिघडले एवढेच.

पाणी ज्याचे त्याचे असते, हे जैन आचाराने फार पूर्वी ओळखले होते. जिवाणीची प्रथा आज अनेक तरुणांना केवळ शब्दाने माहीत असते, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल. विहिरीतून काढलेले पाणी जाड, दुहेरी सुती कापडातून गाळायचे. गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात त्यांना जिवाणी म्हणतात. गाळणे झटकून टाकायचे नाही, मोरीत धुवायचे नाही. गाळलेल्याच पाण्याने ते उलट बाजूने धुऊन, ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत पोहोचवायची. तीही वरून ओतायची नाही, कारण उंचावरून पडण्याच्या आघाताने जीव मरतील. त्यासाठी तळाला कडी असलेली खास बादली असे. दोर सैल सोडत ती पाण्याला टेकवली की उलटी होई आणि जिवाणी अलगद पाण्यात मिसळे. विदर्भातील जुन्या दिगंबर घरांत अशा बादल्या अजून माळ्यावर सापडतात.

या प्रथेतील ‘त्याच विहिरीत’ हे शब्द विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. शेजारच्या विहिरीत चालणार नाही, नदीत चालणार नाही. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाहीत, आणि तेथले जे आहेत त्यांनाही उपद्रव होतो, असे त्यामागचे स्पष्टीकरण वडीलधारी मंडळी देत. आता नळ आले. पेंच आणि कन्हान येथून आलेले, शुद्ध करून क्लोरिन घातलेले पाणी टाकीत पडते. त्याची जिवाणी कोठे पोहोचवायची हे कोणाला सांगता येत नाही. प्रथा क्षीण झाली ती श्रद्धा आटल्यामुळे जितकी, तितकीच विहिरी बुजल्यामुळे. पण तिच्यातला विचार शिळा झालेला नाही.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत याच गोळ्यांवरून मोठी धावपळ झाली. सिएटलमधील एका दुकानात विक्रीला ठेवलेल्या गोळ्यात झेब्रा शिंपला नावाचा पट्टेदार, नखाएवढा जीव आढळला. गोळे युक्रेनहून आयात झालेले होते. शोध घेतला तेव्हा वीसहून अधिक राज्यांतील दुकानांत असे शिंपले असलेले गोळे सापडले. हा शिंपला मूळचा काळा समुद्र व कास्पियन समुद्राच्या परिसरातला. जहाजांच्या टाक्यांतील पाण्यातून तो उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि १९८८ साली तेथील महासरोवरांच्या भागात पहिल्यांदा आढळला. तेव्हापासून पाणीपुरवठ्याचे नळ तुंबवणे, मूळच्या शिंपल्यांना गुदमरवणे आणि सरोवरांचे अन्न फस्त करणे असा त्याचा उद्योग चालू आहे. म्हणून अमेरिकी शासनाने लोकांना बजावले: गोळे तळ्यात टाकू नका, पाणी गटारात ओतू नका, गोळे गोठवा, उकळा किंवा ब्लीचमध्ये बुडवा, मगच कचऱ्यात टाका.

ही सूचना जैन घरात वाचली जाते तेव्हा हात थबकतात. एका जिवाला उकळा, असे कोणते शासन सांगते? आणि तरीही त्या सूचनेमागची चिंता अगदी खरी आहे. तळ्यात सोडला तर एक गोळा वाचेल, कदाचित वाचणारही नाही. पण त्याच्या तंतूंत दडलेले दुसरे काही त्या तळ्यातील हजारो जिवांच्या मुळावर येऊ शकते. मारावे तर हिंसा, सोडावे तर त्याहून मोठी हिंसा. गोळा घरात आला त्या क्षणी हा पेच घरात आला. पेचातून निसटण्याची वाट फक्त त्याआधी, दुकानाच्या गल्ल्यावर होती. गच्चीला चुना मारण्याचा न्याय येथेही तोच आहे.

अभयदान म्हणून जीव सोडण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातील करुणेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरी कोणता जीव कोठे सोडला, हे पाहिले पाहिजे. घरातील पात्र नकोसे झाले की ते गांधीसागरात किंवा फुटाळ्यात रिकामे करून पुण्य पदरी पडल्याचे समाधान मानणारे लोक असतात. अंबाझरी तलावावर पसरलेली जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेसाठीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली होती. उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात येणारा सकर मासाही मत्स्यालयातूनच बाहेर पडलेला आहे. मॉस बॉल नागपूरच्या उष्णतेत तळ्यात माजण्याची शक्यता फारच कमी; तो बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात मरेल. म्हणजे ज्याला अभय द्यायचे त्याला मरणाच्या दारी नेऊन सोडले, आणि त्याच्याबरोबर आलेले काय जगले ते कोणालाच कळले नाही. आकानचे लोक गोळा परत सोडतात तो आकानमध्येच सोडतात.

यात विक्रेत्यांचाही भाग आहे, आणि या मासिकाचे वाचक खरेदीदार आहेत तसे विक्रेतेही आहेत. भेटवस्तूंचे दुकान चालवणाऱ्याने हा माल ठेवायचा का, याचा निर्णय त्याचा त्यानेच करावा. ठेवलाच तर ‘देखभाल नको’ हे वाक्य गिऱ्हाइकाला वाचून दाखवण्यापूर्वी मे महिना आठवावा, आणि माल कोठून आला हे घाऊक व्यापाऱ्याला विचारावे. बाजारात पुष्कळदा अस्सल गोळ्याच्या नावाखाली दुसरेच काही विकले जाते: प्लॅस्टिकच्या किंवा काथ्याच्या गोट्यावर साधे पाणमॉस दोऱ्याने गुंडाळलेले. हलकेच दाबून पाहिले तर आत टणक गाठ लागते, किंवा बारीक पाने दिसतात. अस्सल गोळ्याला पाने नसतातच. धान्यात खडे मिसळू नयेत हा कळमन्याच्या बाजारातील नियम येथेही लागू पडतो.

ज्यांच्या घरी गोळा आधीच आला आहे, त्यांनी तो फेकण्याचा विचार करू नये, नीट सांभाळावा. आणल्याबरोबर तो एका पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन बारकाईने पाहावा, शिंपला-गोगलगाय काही दिसते का ते तपासावे. पात्र उत्तरेच्या खिडकीशी, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावे. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात रात्रभर उघडे ठेवून, गाळून मगच वापरावे. उन्हाळ्यात आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याला पाणी बदलणे पुरते. बदलताना गोळा तळहातावर घेऊन अगदी हलक्या हाताने गोल फिरवावा. लाटांचे काम हातांनी करायचे एवढाच त्याचा अर्थ. पिळून काढू नये. काढलेले पाणी मोरीत न ओतता, तळ्यापासून व नाल्यापासून दूर असलेल्या कोरड्या मातीत जिरवावे.

उन्हाळ्यासाठी वर्धमाननगरातील त्या घराने जी व्यवस्था केली ती इतरांच्याही उपयोगी पडेल. चैत्र सरत आला तशी आजींनी काचेचे पात्र आवरायला लावले आणि गोळा एका पसरट, कच्च्या मातीच्या भांड्यात हलवला. माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने हेही राहते: भांड्याच्या अंगातून पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि आतली उष्णता घेऊन जाते. भांडे देवघराबाहेरच्या अंधाऱ्या बोळात, ओल्या पोत्यावर ठेवले. सकाळी दोन तास त्यावर खिडकीचा उजेड येई, तेवढा पुरे होई. नवतपाचे नऊ दिवस मात्र तेही पुरेनासे झाले, तेव्हा गोळा पाण्यासह बरणीत घालून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात गेला. अंधार आणि थंडी या दोन्हींची त्याला सवय आहे. बर्फाखालच्या हिवाळ्यासारखेच ते. सूनबाईंनी बरणीवर चिठ्ठी चिकटवली, नाहीतर कोणी ती चटणी समजून उघडली असती.

पावसाळ्यात हवा दमट होते, मातीच्या भांड्याचा गारवा कमी होतो, पण उन्हाची तीव्रताही गेलेली असते. बरणीतून बाहेर आलेला गोळा एका बाजूने तपकिरी झालेला होता. ती बाजू वर करून ठेवायची, प्रकाश मंदच ठेवायचा आणि वाट पाहायची. आणखी उपाय नाही. खत, औषध, मीठ यांपैकी काही घालू नये. पर्युषणापर्यंत त्या भागावर बारीक, फिकट हिरवे टोक दिसू लागले.

नागपूरचा पौष या गोळ्याला मानवतो. पहाटे पारा कधी १० अंशांच्या खाली उतरतो, दिवसा स्वच्छ, कोवळा प्रकाश असतो. त्या दिवसांत नातवाने पात्र पुन्हा खिडकीशी नेऊन ठेवले. शाळेला निघण्यापूर्वी तो पाण्यात डोकावतो. तंतूंवर मोहरीएवढे बुडबुडे धरलेले असतात; त्यांतला एखादा सुटून वर येतो, पण गोळा अजून तळाशीच असतो. दहाच्या सुमारास तो वर येतो असे आजी सांगतात. तेव्हा नातू वर्गात असतो.